मोटर बंद झाली का?

आमच्या सबस्टेशनच्या भिंतीवर एक घड्याळ आहे, ते सात मिनिटं पुढे धावतं. त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत 'उत्कृष्ट श्रोता' असं छापलंय आणि खाली माझं नाव आहे. ते मी आधी घरी नेलं होतं. बायकोने वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे तुम्हालाच दिलंय ना? का कुणाचं चुकून आलंय?" लग्नाला सतरा वर्षं झाली, तरी गॅस संपत आल्याचं तिने सांगूनही मला सिलिंडर रिकामा झाल्यावरच कळतं, ही तिची जुनी तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी ते चौकटीत बसून सबस्टेशनला आलं.

मी ऑपरेटर आहे. नगरकडच्या कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या अलीकडे, जिथे कुणाला काही पिकवता आलं नाही अशा मुरमाड माळावर आमचं सबस्टेशन आहे. इथे मोठ्या तारांनी वीज येते आणि चार वाटांनी आजूबाजूच्या गावांत आणि शेतांत जाते. या वाटांना फीडर म्हणतात. पहिला गावठाणाचा, म्हणजे घरं, दुकानं, गिरण्या. दुसरा माळाचा आणि तिसरा कॅनॉलकडचा, हे दोन्ही शेतीपंपांचे. चौथा पाणीपुरवठ्याचा. खोलीत चार पॅनल शेजारी शेजारी उभे आहेत आणि प्रत्येकावर एक मूठ आहे. मूठ फिरवली की त्या फीडरची लाईट जाते, उलटी फिरवली की येते. चालू असेल तर पॅनलवर लाल दिवा, बंद असेल तर हिरवा. एवढं काम सहावीतलं पोरही करील.

पगार मिळतो तो मूठ फिरवण्याचा नाही, फोन उचलण्याचा. कांद्याला पाणी द्यायचे दिवस आले की आमचा फोन श्वास घेत नाही. "लाईट कवा येनार?" हा प्रश्न मी नोकरी लागल्यापासून किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब नाही. लाईट असतानाही लोक फोन करून विचारतात, कवा जानार? एका फोनवर कुणी आईवरून शिवी देतो, दुसऱ्यावर सरपंचाचा भाऊ ओळख सांगतो, तिसऱ्यावर साहेब विचारतात की फोन सारखा बिझी का लागतो. अशा वेळी समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकायची गरज कुणाला? पहिल्या दोन शब्दांत मला कळतं की हा काय म्हणणार, आणि उरलेल्या वेळात मी चहा पितो.

एकच फोन वेगळा असतो. तो वायरमनचा.

कुठे तार तुटली, कुठे डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, की वायरमन आधी मला फोन करून सांगतो, अमका फीडर बंद करा. मी मूठ फिरवायची, वहीत लिहायचं आणि त्याला एक नंबर द्यायचा. त्या नंबराला परमिट म्हणतात. परमिट मिळालं की तो खांबावर चढतो आणि उघड्या हातांनी तारेला हात लावतो. नियमाप्रमाणे त्याने हात लावण्याआधी तारेवर अर्थिंगचा रॉड टाकायचा असतो, म्हणजे चुकून वीज असलीच तर ती रॉडातून जमिनीत जाईल. आमच्याकडच्या रॉडचा चिमटा मोडून दोन वर्षं झाली. नवा मागितलाय. मागणी वरपर्यंत गेली आणि प्रत्येक टेबलावर ती कान देऊन ऐकली गेली, असं मला खात्रीने सांगण्यात आलंय. तेव्हा माणूस चढतो तो माझ्या नंबराच्या भरवशावर.

आमचा वायरमन पन्नाशीचा. माझ्या गावचा जावई, म्हणून मी त्याला दाजी म्हणतो आणि तो मला मेव्हणं. दाजी-मेव्हण्याच्या नात्यात एकमेकांची खोड काढायचा परवाना जन्मतःच मिळतो, आणि आम्ही तो दहा वर्षं वापरला. त्याचा फोन आला की आमचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"मेव्हणं, माळाचा बंद करा."

"आत्ता? आत्ता तर लाईट सोडलीय. लोक मला जित्ता ठिवतील का? कुठं काय झालंय?"

"शाळंमागच्या डीपीवर तार तुटलीय."

"कालच जोडली हुती ना? कशानं जोडता, थुकीनं? वर कोन चढनार?"

"माझा बाप."

"त्यो तर कवाच वारला. तुमीच चढनार ना? किती येळ?"

"अर्धा तास."

"म्हंजी दोन तास. दाजी, तुमाला मरायला हाच मुहूर्त घावतो का रोज?"

मग मी शिव्या देत उठायचो, मूठ फिरवायचो, नंबर द्यायचो. बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हे दोघं कोर्टात उभे आहेत. मलाही कधी वाटलं नाही की यात ऐकणं वगैरे काही आहे.

तर अशात वर कुठेतरी ठरलं की ऑपरेटर लोक फोनवर अरेरावी करतात. ते खरंच होतं. त्यावर उपाय म्हणून आणखी माणसं द्यावीत, दुसरा फोन द्यावा, निदान तो चिमटा द्यावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. उपाय असा निघाला की आम्हाला ऐकायला शिकवायचं. पत्र आलं, 'तणावपूर्ण कार्यस्थळी सक्रिय श्रवण, एकदिवसीय कार्यशाळा'. ठिकाण नगर. कागदावर आता अहिल्यानगर. एसटीच्या कंडक्टरला आम्ही नगरच सांगितलं आणि त्याने तिकीट फाडलं.

प्रशिक्षक पुण्याहून आला होता. अंगावर निळा सूट, कानाजवळ गालावर आलेला बारीक माईक, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं की त्याच्या घरची लाईट कधीच गेली नाही. त्याने पडद्यावर एक मोठा कान दाखवला. मग म्हणाला, आपण ऐकतो तेव्हा खरं तर बोलायची वाट बघत असतो. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण आम्ही जेवणाची वाट बघत होतो.

त्याने ऐकण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान डोलवा, मधे तोंड घालू नका, त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवा, आणि आभार माना. मी हात वर केला. म्हटलं, सर, आमचं सगळं फोनवर असतं, डोळ्यांत कसं बघायचं? तो तेच हसू ठेवून म्हणाला, "मनाने." मागच्या रांगेतून श्रीगोंद्याचा एक ऑपरेटर फिसकन हसला आणि त्या क्षणी आमची दोघांची मैत्री झाली. जेवणात शिरा आणि मठ्ठा होता. शिरा चांगला होता, हे मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलं.

दुपारी जोड्या लावून सराव झाला. माझ्या जोडीदाराने रागावलेला शेतकरी व्हायचं आणि मी ऐकायचं. मला हे भयंकर जमलं. नक्कल हा माझा शाळेपासूनचा गुण. गुरुजींच्या चालण्याची नक्कल करून मी वर्गाला हसवत असे आणि त्याच गुरुजींचा मारही खात असे. मी प्रशिक्षकाचाच आवाज काढला, तसाच मऊ, तसाच लांबवलेला. "मी जे ऐकलं ते असं, की तुमच्या पिकाचं नुकसान होतंय. तुमची अडचण मी समजू शकतो." सभागृह हसलं. प्रशिक्षकाला नक्कल कळली नाही. त्याने मला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाला, यांच्याकडून शिका. आमचे साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी त्यांनी आधी फक्त नव्या जीपकडे टाकली होती.

परत आल्यावर सबस्टेशनला एक नवी वही आली. 'श्रवण नोंदवही'. त्यात रकाने होते, फोन करणाऱ्याचं गाव, त्याची भावना, आणि ऐकून घेतलं का, हो किंवा नाही. भावनेच्या रकान्यात राग, चिंता आणि इतर यांपैकी एकावर खूण करायची. महिनाभर मी आणि माझ्या पाळीनंतर येणारा दुसरा ऑपरेटर, आम्ही रागावरच खुणा केल्या. एकदाच 'इतर' झालं, कारण त्या माणसाने चुकीचा नंबर लावला होता आणि त्याला खताचं दुकान हवं होतं.

पण खरी करमणूक फोनवर होती.

"ओ, लाईट गेली!"

"नमस्कार. म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की लाईट गेली आहे."

"वाटतंय काय? गेलीच हाय!"

"तुमचा त्रास मी समजू शकतो."

"समजून काय लोनचं घालता का? लाईट सोडा!"

"तुम्ही मोकळेपणाने बोललात, आभारी आहे."

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज. मला ही चांगलीच चटक लागली. शिव्या देऊन जे समाधान कधी मिळालं नव्हतं ते गोड बोलून मिळायला लागलं. शिवी दिली की समोरचा शिवी देतो, हिशेब मिटतो. आभार मानले की तो हतबल होतो. महिनाभरात फोन निम्म्यावर आले. दगडावर डोकं आपटून आपलंच फुटतं, हे लोकांना कळलं होतं. साहेबांनी याचा अर्थ लोक समाधानी झाले असा लावला आणि तसा अहवाल वर पाठवला. प्रशस्तिपत्राची बीजं तिथे पडली.

ते जानेवारीतले दिवस होते, सकाळी अकराचा सुमार. गावठाणाचा फीडर त्या दिवशी कुरकुरत होता. पहाटेपासून तीनदा आपोआप पडला होता आणि तीनदा मी जाऊन त्याची मूठ फिरवली होती. दुसरा ऑपरेटर त्याच्या घरी पाहुणे आल्यामुळे पाळीच्या आधीच येऊन बसला होता. घरापेक्षा सबस्टेशन बरं, असं त्याचं मत. पुड्यातले शेंगदाणे खात तो म्हणाला, "ते पुन्याचं करून दाखव की." मी करून दाखवत होतो. माईक म्हणून गालावर पेन धरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर दाजीचा होता. मी दुसऱ्या ऑपरेटरला डोळा मारला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मेव्हणं, माळाचा बंद करा. वढ्याकडच्या डीपीवर तार जळलीय."

मी खुर्चीत ताठ झालो. "दाजी, सर्वप्रथम फोन केल्याबद्दल आभार. मी जे ऐकलं ते असं, की तुम्हाला माळाचा फीडर बंद करून हवा आहे, कारण ओढ्याकडच्या डीपीवर तार जळली आहे. बरोबर?"

"व्हय."

"तुमची अडचण मी समजू शकतो."

दुसऱ्या ऑपरेटरला शेंगदाण्याचा ठसका लागला. त्याने तोंडावर रुमाल दाबला आणि टेबलावर डोकं टेकवलं. असा श्रोता मिळाला की कलावंताला चढतं. मी प्रशिक्षकासारखा पाय उचलत पॅनलपाशी गेलो, कमरेत वाकून पॅनलला नमस्कार केला, तोंडाने म्हणालो, "मी आता माळाचा फीडर बंद करत आहे," आणि मूठ फिरवली. लाल दिवा गेला, हिरवा लागला. वळणदार अक्षरात वहीत 'माळ' लिहिलं, वेळ टाकली, दाजीला नंबर सांगितला. वर म्हणालो, "आपला दिवस शुभ असो." फोन बंद झाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पाच मिनिटांत गिरणीवाल्याचा फोन आला. दळण अर्धं राहिलंय, लाईट का घालवली? मी म्हणालो, तुमचं दळण अर्धं राहिल्यामुळे तुम्हाला त्रास होतोय. तो म्हणाला, अर्थातच होतोय. मी आभार मानले, रागावर खूण केली. मग दूध डेअरीवाला. मग चौकातला झेरॉक्सवाला, त्याच्याकडे पोरांची रांग लागली होती. त्या दोघांच्याही भावना मी नोंदवल्या, आणि तिघांच्याही पुढे, ऐकून घेतलं का, हो.

आज मी ती वही बघतो तेव्हा माझ्या कानाखाली द्यावीशी वाटते. गिरणी गावात आहे. डेअरी गावात आहे. झेरॉक्सचं दुकान माळावर कुणी टाकत नाही. बंद केला माळाचा फीडर आणि ओरडतंय गावठाण, यात काहीतरी बिनसलंय हे आमच्या आवारातल्या कुत्र्यालाही कळलं असतं. तीन माणसं मला फोन करकरून सांगत होती. मी प्रत्येकाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं, मधे तोंड घातलं नाही, त्यांचं म्हणणं परत म्हणून दाखवलं.

चौथा फोन दाजीचा होता. आवाज अगदी शांत.

"मेव्हणं, कंचा बंद केलाय?"

"माळाचा."

"उठून बघा."

मी उठलो. पहिल्या पॅनलवर हिरवा दिवा होता. दुसऱ्यावर, माळाच्या, लाल. सकाळपासून तीनदा ज्या मुठीकडे हात गेला होता, तिच्याकडेच तो चौथ्यांदा गेला होता. तोंड माळ म्हणत होतं आणि हाताने गावठाण बंद केलं होतं.

स्पीकर चालूच होता. मी ओरडलो, "दाजी, वर हाय का तुमी?"

"वर असतो तर फोन कुनी केला असता? लिंबाखाली बसलोय."

दुसऱ्या ऑपरेटरने शेंगदाण्याचा पुडा हळूच खिशात घातला, जणू तो पुरावा होता.

दाजी सांगत होता, "तुमी फोन ठिवला. मंग मी ह्या वढ्यापल्याडच्या कांदेवाल्याला फोन लावला, त्याची डीपी दुसरी पर लाईन माळाचीच. म्हनलं, मोटर बंद झाली का बघ जाऊन. त्यो म्हनला, कशाची बंद, चालूच हाय की, पानी धो धो पडतंय. म्हनलं, बरं."

"पण तुमी त्याला का इचारलं? दहा वर्सांत कवा इचारलं न्हाई."

"तुमी आज लई गोड बोलला, मेव्हणं," तो म्हणाला. "शिवी न्हाई, कटकट न्हाई. वर कोन चढनार ते बी इचारलं न्हाई. म्हनलं, ह्यो मानूस जाग्यावर न्हाई."

मी गावठाण चालू केलं. माळ बंद केला. दुसऱ्या पॅनलवरचं नाव बोटाने चाचपून बघितलं, हिरवा दिवा बघितला, दुसऱ्या ऑपरेटरला बघायला लावला. मग परत फोनपाशी आलो. नंबर द्यायला वही पुढे ओढली.

"आता नीट भांडा," दाजी म्हणाला. "त्याबिगर मी चढत न्हाई."

मी भांडायचा प्रयत्न केला. दोन-तीन चांगल्या शिव्या पाठ होत्या, एकही आठवली नाही. शेवटी कसंबसं म्हणालो, "वर कोन चढनार?"

"माझा बाप," तो म्हणाला.

मी रडलो. चाळिशीतला माणूस, गालावर निळ्या शाईचा डाग, सबस्टेशनच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. लाज वाटली नाही. लाज वाटायला आणखी दोन दिवस लागले.

दाजीने सांगितलं होतं, कुणाला बोलू नका, नोकरी जाईल. मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना. वहीत खोटं लिहिलेलं होतं आणि ती वही रोज माझ्यासमोर उघडी पडत होती. मी तालुक्याच्या ऑफिसात साहेबांकडे गेलो. म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे, निदान तो रॉडचा चिमटा तरी येईल.

साहेबांनी मला बसवलं. मोबाईल टेबलावर पालथा घातला. ही त्या कार्यशाळेतलीच युक्ती. मग त्यांनी माझ्या डोळ्यांत इतकं खोल बघितलं की मला डोळे आल्याची साथ आठवली. मी सगळं सांगितलं. नक्कल, शेंगदाणे, चुकीची मूठ, गिरणीवाला, लिंबाखाली बसलेला वायरमन. ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मी थांबलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की तुमच्याकडून चूक झाली."

"वाटत नाही साहेब. झाली."

"तुमची घालमेल मी समजू शकतो."

तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता. महिनाभर मी जो फोनवर लोकांना ऐकवला, तो आता टेबलाच्या पलीकडून माझ्यावर येत होता, आणि फोन आपटणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं. ते गिळून मी पुढे म्हणालो, "साहेब, माणूस मेला असता."

"मेला का?"

"नाही."

"मग," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "तुम्ही मोकळेपणाने बोललात, मला बरं वाटलं." मी अर्थिंगच्या रॉडचं बोललो. त्यांनी मान डोलावली आणि तेही परत म्हणून दाखवलं, रॉड, चिमटा, दोन वर्षं, एकही शब्द न चुकता. मग पालथा मोबाईल सुलटा करून किती फोन येऊन गेले ते बघितलं. उठताना खणातून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. वरून आलंय, म्हणाले, अभिनंदन, आपल्या विभागातून तुम्ही एकटेच. लिफाफ्यात काय होतं ते भिंतीवर आहे.

मी ते तेव्हाच फाडायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. म्हणून तर घरी नेलं. माणूस आपल्या तोंडाने कितीही चूक कबूल करो, सोनेरी अक्षरांतलं आपलं नाव त्याला गोडच लागतं.

नंतर सगळं पूर्वीसारखं झालं. मी फोनवर पुन्हा खेकसायला लागलो, लोकांचे फोन पुन्हा वाढले. श्रवण नोंदवही भरली आणि नवी कुणी पाठवली नाही. दाजीचा फोन आला की मी उभा राहतो, आधी कटकट करतो, कुठं, काय झालं, वर कोण, किती वेळ, मग मूठ, मग दिवा, मग नंबर. तो बाप काढतो, मी मुहूर्त काढतो. त्या दिवसाचं आम्ही एकदाही बोललो नाही. मला वाटलं, मिटलं. दाजी मनात ठेवणारा माणूस नाही, असं मी बायकोला सांगितलंही.

परवा एक शेतकरी सबस्टेशनला आला. ओढ्यापलीकडचा कांदेवाला, मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. त्याच्या मोटरीला विजेचा दाब कमी येत होता, ती तक्रार त्याने नोंदवली, पाणी प्यायला, आणि जाताना दारात थांबला.

"एक इचारू का? तुमचा वायरमन जरा येडा हाय का?"

"का?"

"लाईट बंद केली का दर टायमाला मला फोन. मोटर बंद झाली का बघ. म्हनलं, त्यांनी बंद केलीय म्हंजी झाली आसंल. तर न्हाई, म्हनतो, जाऊन बघ. घरी आसलो तर रानात पळाया लावतो. कवापासून चाललंय. तुमी बंद करता, वहीत लिवता, मंग मला कशापाई इचारतो त्यो?" मग त्याची नजर भिंतीकडे गेली. त्याने सावकाश सोनेरी अक्षरं वाचली. "हितं तर लिवलंय, तुमी लई चांगलं ऐकता."

दहा वर्षं जो माझ्या नुसत्या शब्दावर वर चढत होता, तो आता माझ्याशी पोटभर भांडतो, माझा नंबर लिहून घेतो, आणि मग दुसऱ्या माणसाला फोन लावतो. त्याचं काही चुकत नव्हतं.

"येडा न्हाई त्यो," मी म्हणालो. "त्याचा फोन आला का उचलत जावा. ताटावर बसला आसला तरी उठा. आधी रानात जाऊन डोळ्यांनी मोटर बघा, आन मंगच त्याला सांगा."

"आन त्याला फोन न्हाई लागला तर?"

"तर मला लावा," मी म्हणालो, आणि सबस्टेशनचा नाही, माझ्या खिशातल्या मोबाईलचा नंबर त्याला लिहून दिला.